गल्ल्यावर बसून पाहिलेली स्पर्धा

दहाच्या टॉप-अपमध्ये कर आणि प्रोसेसिंग फी वजा जाता सात-साडेसात रुपये हातात पडायचे. गाण्याच्या स्पर्धेत मत द्यायला टीव्हीवर दाखवायचे त्या पाच आकडी नंबरला मेसेज केला की तीनेक रुपये जायचे. महिन्याचं एसएमएस पॅक मारलेलं असलं तरी हे पैसे वेगळे कापले जात, आणि त्यावरून दुकानात रोज एक तरी भांडण होई. म्हणजे दहा रुपयांत दोन मतं. हे गणित मला झोपेतही येत होतं, कारण नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या आतल्या बाजूला माझं मोबाइल रिचार्जचं दुकान होतं आणि आमच्याच लेनमधला एक मुलगा गाण्याच्या स्पर्धेसाठी टीव्हीवर गेला होता.

मुलाचं नाव लिहीत नाही, चॅनेलचंही नाही. तो आता संसारी माणूस आहे, कार्यक्रम करतो, शिकवण्या घेतो. ‘अरे, तू तो टीव्हीवरचा ना?’ हे ऐकून तो पुरेसा कंटाळला आहे.

तो काळच तसा होता. 2004 मध्ये ‘इंडियन आयडॉल’ सुरू झालं, मार्च 2005 मध्ये मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला, आणि गायक लोकांनी निवडायचा ही गोष्ट घरोघर पोचली. पण आमच्या भागात खरं वेड लागलं ते 2008-09 मध्ये, झी मराठीवरच्या लिटिल चॅम्प्सच्या वेळी. आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन, रोहित राऊत, कार्तिकी गायकवाड. परीक्षक मार्कांऐवजी सूर देत. ‘ध’ मिळाला, ‘नि’ मिळाला, आणि फारच जमलं तर ‘वरचा सा’. परीक्षक अवधूत गुप्तेंचं शाबासकीचं ‘चाबूक’ गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरंही चौकार बसला की ओरडायची. महाअंतिम फेरीत आळंदीची कार्तिकी जिंकली, आणि दुसऱ्या दिवशी दुकानासमोर प्रथमेशवाले आणि आर्यावाले एक होऊन कार्तिकीवाल्यांशी भांडले. ज्याला त्याला आपलं पोर हरल्याचं दुःख. आता मागे वळून पाहिलं तर त्या निकालाचा कुणाच्याच गळ्यावर काही परिणाम झालेला दिसत नाही. पाचही जण गात राहिले, आणि 2021 मध्ये त्याच कार्यक्रमात पाचही जण परीक्षकांच्या खुर्चीत येऊन बसले.

तर त्या लाटेनंतर आमच्या लेनमधला पोरगा एका स्पर्धेत निवडला गेला. वडील अंबडच्या एमआयडीसीत ऑपरेटर, आई घरी शिवणकाम करायची. गाव अमळनेरच्या बाजूचं. आमच्या सिडकोत निम्मी घरं अशीच, जळगाव-धुळ्याकडून कारखान्यांच्या मागे आलेली. पोरगा गाणं शिकला तो दोन ठिकाणी. एक, आजोबांच्या भजनी मंडळात, टाळ वाजवता वाजवता. दुसरं, माझ्या दुकानासमोरच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर क्लास घेणाऱ्या बाईंकडे. बाई गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना मुलं बसवत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, एकेक पायरी. दुकानात गिऱ्हाईक नसलं की वरून भूप ऐकू यायचा. कधी कधी गिऱ्हाईक असतानाही मी तिकडेच कान लावून बसे, आणि मग चुकीच्या नंबरवर रिचार्ज मारला म्हणून बोलणी खाई.

निवड झाल्यावर पहिली गोष्ट घडली ती म्हणजे मुंबईहून शूटिंगवाले आले. त्यांना ‘एव्ही’ करायची होती. गाण्याआधी दोन मिनिटं दाखवतात ना, घर, आई, गरिबी, ती. आता पोराचं घर सिडकोच्या योजनेतलंच, वर एक मजला चढवलेलं, दारात बजाजची स्कूटर. शूटिंगवाल्यांना ते पसंत पडेना. त्यांनी आईला शिलाई मशीन खिडकीतून ओट्यावर आणून बसायला सांगितलं, आणि गॅसऐवजी कुठे चूल मिळेल का म्हणून शेजारी चौकशी केली. मग सगळे मिळून रामकुंडावर गेले. टीव्हीवाल्यांच्या हिशेबी नाशिक म्हणजे रामकुंड. आम्हा सिडकोवाल्यांचं रामकुंडाशी नातं दोनच प्रकारचं: पाहुणे आले की दाखवायला नेणं, नाहीतर कुणाच्या दहाव्याला जाणं. पोरगा पायऱ्यांवर बसून, पाण्याकडे बघत, तानपुरा मांडीवर घेऊन गुणगुणताना दाखवला. तानपुरा बाईंच्या क्लासचा होता. रिक्षातून नेताना भोपळ्याला चीर गेली, आणि तिचं पुढे काय झालं ते चॅनेलने विचारलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्लेक्स. चौकात एका रात्रीत उभा राहिला. मधोमध इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फोटो, त्याच्या वर त्याच्या नेत्यांचे गोल गोल फोटो, खाली शुभेच्छुक म्हणून साताठ पोरं गॉगल लावून, आणि एका कोपऱ्यात आमचा गायक, माइक धरलेला. मेसेज कसा पाठवायचा ते मात्र मोठ्या अक्षरात होतं. एवढं श्रेय मी त्या उमेदवाराला देतो.

मग गणेश मंडळाने वर्गणी काढली. पावतीपुस्तक गणपतीचंच वापरलं. जमलेले पैसे माझ्याकडे यायचे, मी पोरांच्या नंबरांवर टॉप-अप मारायचो, आणि मतदान सुरू झालं की कट्ट्यावर दहा-बारा जण कीपॅडवर बोटं झिजवत बसायचे. मोबाइल कंपनी मला शंभराला दोन-अडीच रुपये द्यायची. तीन रुपयांच्या मेसेजमधून खरी कमाई होई ती मोबाइल कंपनीची, मधल्या ठेकेदार कंपनीची आणि चॅनेलची, आणि ते आपसात वाटून घेत. कट्ट्यावरच्या पोरांना हे मी सांगितलं होतं. एकाने विचारलं, ‘मग काय झालं? गणपतीच्या वर्गणीतून मंडपवाला कमावतोच ना?’ याला मला उत्तर सुचलं नाही.

भारनियमनाचे दिवस होते. कार्यक्रम लागायच्या वेळेला लाइट असेलच असं नाही. पुष्कळदा असं व्हायचं की पोरगा तिकडे गातोय आणि इकडे लेनमध्ये अंधार, आणि त्या अंधारात मोबाइलचे निळे पडदे लुकलुकतायत. मत द्यायला लाइट लागत नव्हती, रेंज पुरत होती. ज्यांनी त्या आठवड्याचं गाणं ऐकलंच नव्हतं तेही रिचार्जला पुढे. रिकामं बसण्यापेक्षा मी विचारायचो, ‘काय गायला आज?’ उत्तर ठरलेलं: ‘काय बी गावो, आपला पोऱ्या शे ना भो!’

अमळनेर, पारोळा, धरणगाव, तिकडूनही मतं जात होती. माझ्या मेव्हण्याचं धरणगावला दुकान, त्याच्या गल्ल्यावरही तीच गर्दी. नाशिकवाले म्हणत नाशिकचा, खान्देशवाले म्हणत आमचा. मग एक तिसरा मेसेज फिरायला लागला, ‘आपल्या समाजाचा मुलगा’ असा. तो ज्या समाजाचा म्हणून लिहिलं होतं, त्या समाजाचा तो नव्हताच. आडनावावरून कुणीतरी अंदाज बांधला होता. पोराच्या वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, ‘राहू द्या भाऊ, मतं येतायत ना?’

हे सिडकोतच घडलं असं नाही. 2007 च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये शेवटी दोघे उरले होते, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल. प्रशांत कोलकाता पोलिसात शिपाई. पहाडातल्या लोकांनी पैसे गोळा केले, फोन करायला माणसं बसवली, घरातली भांडी घासायची सोडून बायका मतं देत बसल्या असं तेव्हाच्या बातम्या वाचून डोळ्यांपुढे येई. तिकडे मेघालय सरकारने अमित पॉलला शांततेचा सदिच्छादूत नेमलं, कारण त्याच्यामुळे आदिवासी आणि बिगर-आदिवासी लोक कधी नव्हे ते एका बाजूला आले होते. प्रशांत जिंकला. काही दिवसांतच दिल्लीतल्या एका रेडिओ जॉकीने त्याच्यावरून गुरख्यांबद्दल वाह्यात विनोद केला, सिलिगुडीत दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं. आणि ज्या बिमल गुरुंगनी प्रशांतसाठी मतांची मोहीम चालवली होती, त्यांनी त्याच ऑक्टोबरात गोरखा जनमुक्ती मोर्चा नावाचा पक्ष स्थापन केला. मोहिमेत कार्यकर्ते जमले होते, याद्या झाल्या होत्या, वर्गणीची सवय लागली होती. पक्षाला आणखी काय लागतं? आमचा फ्लेक्सवाला उमेदवारही मूर्ख नव्हता, एवढंच.

युरोपात देशादेशांची गाण्याची मोठी स्पर्धा होते, युरोव्हिजन. तिथे एक नियम आहे, स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. मला हा नियम फार आवडतो. कल्पना करा, नाशिककरांनी नाशिकच्या पोराला सोडून बाकी कुणालाही मत द्यायचं. निदान बाकीच्यांचं गाणं तरी ऐकावं लागेल! पण तिथेही लोकांनी वाट काढलीच. जर्मनीत राहणारे तुर्की लोक जर्मनीतून तुर्कस्तानला भरभरून मतं देत, शेजारी शेजाऱ्याला देत. शेवटी 2009 पासून अंतिम फेरीत निम्मा कौल लोकांचा आणि निम्मा जाणकारांचा असं करावं लागलं. धरणगावचा मेव्हणा हे ऐकून म्हणाला, ‘म्हणजे जर्मनी म्हणजे त्यांचं सिडको.’

समोरच्या बाई मत देत नसत. पोरगा त्यांचाच शिष्य, तरी नाही. दर आठवड्याला माझ्याकडे पोस्टपेडचं बिल भरायला म्हणून येत आणि पोराच्या गाण्याबद्दल बोलत थांबत. एका गाण्यात पोराने अंतऱ्याच्या शेवटी निषादावर क्षणभर रेंगाळून मग षड्ज घेतला. बाईंनी माझ्या काउंटरवर ती जागा गुणगुणून दाखवली, दोनदा. म्हणाल्या, ‘हे मी शिकवलेलं नाही. हे त्याला भजनात मिळालं.’ मी म्हटलं, मग द्या की दोन मतं, मी माझ्याकडून टॉप-अप मारतो. तर म्हणाल्या, ‘मी इथे उभी राहून वा म्हटलं ना, झालं. ती वा त्या जागेची होती. तुमच्या मेसेजमध्ये ती जागा कुठे लिहायची?’

बाईंचं म्हणणं मला तेव्हा जरा तिरकं वाटलं, पण गल्ला बघत गेलो तसं पटत गेलं. बैठकीत दाद जाते ती त्या क्षणाला, त्या हरकतीला. पुढच्या तानेला गाणारा घसरला तर तीच माणसं गप्प बसतात, किंवा नुसतीच पानाला चुना लावतात. मत जातं ते गाणं संपल्यावर, दुसऱ्या दिवशी, आणि जातं ते अख्ख्या माणसाला. त्यात निषाद नाही, षड्ज नाही. नाव आहे.

मग मत कशाला पडतं? माझं उत्तर माझ्या वहीत आहे. रिचार्जची वही मी रोज लिहायचो, कंपनीगणिक. पोरगा ज्या आठवड्याला बेसूर झाला, परीक्षकांनी झापलं, आईचा रडवेला चेहरा दाखवला, त्या आठवड्याला माझा धंदा तुफान. ‘जाईल हो तो, टाका पन्नासचं!’ बायका पदराच्या गाठीतून नोटा काढत. आणि जेव्हा तो छान गायला तेव्हा धंदा मंद. लोक खुशीत, एकमेकांना टाळ्या देतायत, आणि रिचार्जला कुणी नाही. भीती वाटली की लोक खिसा सैल करत. आनंद झाला की चहा पाजत.

तो बाहेर पडला त्या आठवड्यात तो आयुष्यातलं सगळ्यात चांगलं गायला. भैरवीतला अभंग होता. टीव्हीवरच्या गाण्याला मुळात वेळ किती, मुखडा आणि एखादा अंतरा, वर वाद्यवृंदाचा गजर. पण त्या दीडदोन मिनिटांत त्याने आजोबांचं भजनी मंडळ उभं केलं. एक परीक्षक खुर्चीतून उठले. बाईंच्या खिडकीतून मला त्यांचा ‘आहा’ खालपर्यंत ऐकू आला, आणि बाई शेजाऱ्यांना त्रास होईल इतक्या मोठ्याने कधी बोलत नाहीत. लेनमध्ये फटाके वाजले. सगळ्यांना वाटलं, आता काय, हा अंतिम फेरीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर कुणी नाही. मंडळाच्या पोरांनी वर्गणीचे उरलेले पैसे ‘फायनलला लागतील’ म्हणून राखून ठेवले. रात्री दुकान बंद करताना वहीचा त्या दिवसाचा आकडा मी पाहिला, आणि पोराच्या आईला फोन करावा की नाही यावर बराच वेळ शटरपाशी उभा राहिलो. केला नाही. काय सांगणार होतो? तुमचा मुलगा फार चांगला गायला, म्हणून तो जाणार आहे?

गेला. निवेदिकेने नाव घेतलं तेव्हा तो हसला, ते हसू मला खरं वाटलं. महिनाभर तो झोपलाच नव्हता. लोक मात्र खवळले. फिक्सिंग आहे, मुंबईवाल्यांनी पैसे खाल्ले, नाशिकवर अन्याय. माझ्या वहीबद्दल मी कुणाला काही बोललो नाही, नाहीतर मलाच मुंबईवाल्यांचा माणूस ठरवला असता. अमेरिकेत तर असं फार आधी झालं होतं. जेनिफर हडसन 2004 मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’मधून सातव्या नंबरावर बाहेर पडली, आणि तीनच वर्षांत तिने ऑस्कर नेलं. ज्याची काळजी वाटत नाही त्याला या खेळात कुणी वाली नसतो.

पोरगा परत आला तेव्हा मुंबई नाक्यापासून मिरवणूक काढली. नाशिक ढोल, उघडी जीप, गुलाल. फ्लेक्सवाला उमेदवार जीपमध्ये त्याच्याही पुढे उभा. पंधरवडा सत्कारच चालले, शाल-श्रीफळांचा ढीग झाला. त्याच्या आईने त्यातले नारळ वाटून वाटून संपवले. आमच्याकडे चार दिवस नारळाच्या वड्या होत होत्या.

पुढे वर्षभर गाण्याची बोलावणी येत राहिली, लग्नाच्या संगीताची, दहीहंडीची, शाळांच्या गॅदरिंगची. मानधन विचारलं की समोरचा दचकायचा. ‘अरे, आपल्या घरचंच काम आहे!’ त्याने नोकरी धरली, सोडली, ऑर्केस्ट्रात गायला, शेवटी बाईंकडे परत गेला आणि अडलेल्या परीक्षा पुढे सुरू केल्या. बाईंनी पहिल्या दिवशी काय म्हटलं असेल? काही नाही. चीर गेलेला तानपुरा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, लाव. तो तानपुरा आता नीट बोलत नाही, पण त्यांनी तो बदलला नाही.

बाई विद्यार्थ्यांना दरवर्षी पंचवटीत घेऊन जातात, विष्णु दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधाराश्रम जिथे होता तो परिसर दाखवायला. पलुस्करबुवांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उत्तरायुष्यात नाशकात आश्रम थाटला. त्यांचा मुलगा, गायक द. वि. पलुस्कर, 1921 मध्ये नाशिकमध्ये जन्मला. मुलांना त्यातलं सगळ्यात काय लक्षात राहतं, तर बुवांनी संस्थानिकाच्या दरबारातलं गाणं उचलून तिकीट लावून सामान्य लोकांपुढे मांडलं, ते. महाराजांनी कडं फेकून द्यावं त्याऐवजी कुणीही नाणं मोजावं आणि ऐकावं. तिकीट आधी घ्यायचं, गाणं मग. ज्याने तिकीट काढलं तो ऐकायला बसतोच, निदान पैसे वसूल व्हावेत म्हणून तरी.

आता एसएमएसचं मतदान जवळजवळ गेलंच. ॲप आलं, मत फुकट झालं, माझा रिचार्जचा धंदा त्याआधीच फोनमध्ये शिरला. दुकानात आता झेरॉक्स, आधारची कामं, ऑनलाइन फॉर्म. मुलं अजून येऊन सांगतात, काका, अमक्याला व्होट करा. मी अंगठा दाबतो. फुकट आहे.

मागच्या पाडव्याच्या सुमारास पोराने स्वतःचा कार्यक्रम ठरवला, कालिदास कलामंदिरात, भजन आणि नाट्यपदं, संगतीला चांगली मंडळी. तिकिटं माझ्या काउंटरवर विक्रीला ठेवली, तिनशे आणि दोनशे. जुन्या मंडळाचा तेव्हाचा अध्यक्ष आला. आता पोट सुटलंय, पेठ रोडला त्याचा टाइल्सचा धंदा आहे. पोस्टर वाचलं, खूश झाला, फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग म्हणाला, ‘दोन पास काढून ठेव.’

‘पास नाहीत. तिकिटं आहेत.’

‘आपल्याच पोराचा कार्यक्रम, आणि तिकीट?’

मी ड्रॉवरमधून जुनी वही काढली. त्याचा नंबर शोधून, त्या एका मोसमात त्याने स्वतःच्या खिशातून किती रुपयांचे टॉप-अप मारले होते ते दाखवलं. कालिदासची पहिली रांग आली असती. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला आणि हसायला लागला. ‘ती गोष्ट येगळी होती ना भो. तेव्हा तो घरी परत येईल अशी भीती होती.’

शेवटी दोनशेची दोन घेतली, बाल्कनीतली, आणि पैसे पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला.